पहारा कोणाचा? : प्रागच्या गडावरील एक सोहळा

गडकोटांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला 'चौकीपहारा' या शब्दाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. सांजावताना दरवाजे बंद व्हावयाचे, किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात जावयाच्या आणि रात्रभर तटावर पहारा जागता राहावयाचा, ही व्यवस्था आपल्या इतिहासाने आणि त्याहूनही अधिक आपल्या लोककथांनी आपल्या मनात पक्की बसविली आहे. या व्यवस्थेत एक क्षण मोठा नाजूक असतो. जुना पहारेकरी जागा सोडतो आणि नवा ती घेतो, तो हा क्षण. एक थकलेला असतो, दुसरा पुरता सावध झालेला नसतो, आणि शत्रूला नेमकी हीच घटका हवी असते. म्हणून जगातील साऱ्या शहाण्या सैन्यांनी ही घटका नियमांनी जखडून टाकली. परवलीचा शब्द विचारल्याखेरीज कोणाला जवळ येऊ द्यावयाचे नाही, चौकीचा ताबा बोलून द्यावयाचा आणि बोलून घ्यावयाचा, आणि नवा माणूस जागेवर उभा राहिल्याखेरीज जुन्याने पाऊल हलवावयाचे नाही. पुढे लांब पल्ल्याच्या तोफा आल्या, विमाने आली, तटबंदीचे लष्करी महत्त्व संपले. नियम मात्र उरले, आणि उरता उरता त्यांचा सोहळा झाला.

अशा सोहळ्यांपैकी लंडनचा सोहळा बहुतेकांना चित्रांवरून तरी ठाऊक असतो. आज आपण त्याच्याऐवजी मध्य युरोपातील प्राग शहराच्या गडावर जाणार आहोत. त्याचे कारण असे की, तेथे पहाऱ्याची ही साधी कवायत पाहताना एक अवघड प्रश्न मनात उभा राहतो. पहारेकरी नेमका कोणाचा पहारा करतो? गडावर राहणाऱ्या धन्याचा, की गडाचा, की या दोहोंच्याही पलीकडल्या कशाचा? जेथे एकच घराणे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहे तेथे हा प्रश्न सुचत नाही. प्रागला तो सुचल्यावाचून राहत नाही. १९१० साली त्या शहरात जन्मलेला आणि १९९३ पर्यंत जगलेला एखादा मनुष्य कल्पावा. आपले घर न सोडता त्याने त्या एकाच गडावर सहा-सात राजवटी पाहिल्या असतील, आणि त्यांतल्या प्रत्येक राजवटीने दरवाजाशी आपला पहारा उभा केला होता.

व्हल्टाव्हा नदीच्या डाव्या तीरावर, शहराच्या डोक्यावर, लांबट टेकडीवर हा गड पसरला आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस प्शेमिस्ल घराण्यातील बोर्झिवोय या अधिपतीने त्याचा पाया घातला, असे मानतात. लांबी सुमारे ५७० मीटर, सरासरी रुंदी १३० मीटरांच्या आसपास. जगातील सर्वांत विस्तीर्ण प्राचीन गड म्हणून त्याची नोंद झालेली आहे. पण हे आकडे ऐकून आपल्या रायगडासारखे काही डोळ्यांपुढे आणू नये. हे तटाच्या आत वसलेले एक गावच आहे. राजवाडे, देवळे, मठ, बागा, बोळ, सारे त्यात आहे. मधोमध संत विटसचे महामंदिर उभे आहे. त्याचे काम १३४४ साली सुरू झाले आणि १९२९ साली पुरे झाले, म्हणजे पावणेसहाशे वर्षांहून अधिक काळ ते चालू होते. बोहेमियाचे राजे येथे राहिले, रोमन साम्राज्याचा मुकुट धारण करणारे सम्राट येथे राहिले, आणि १९१८ पासून राष्ट्राध्यक्षांची कचेरी येथे आहे.

या गडाच्या तिन्ही बाजूंच्या दरवाजांवरील शिपाई दर तासाला बदलतात. दुपारी बाराचा पालट मात्र थाटाचा असतो, आणि तो पश्चिमेकडील पहिल्या चौकात होतो. आम्ही तो पाहिला तेव्हा गर्दी इतकी होती की टाचा उंचावूनच पाहावे लागले. दरवाजाच्या दोन्ही खांबांवर दगडी राक्षसांची झुंज चालली आहे. एकाने सोटा उगारला आहे, दुसऱ्याच्या हाती खंजीर आहे, आणि त्यांच्या पायांखाली सापडलेले दोघे शेवटचे आचके देत आहेत. या भयंकर शिल्पाच्या बरोबर खाली, पट्ट्यापट्ट्यांच्या चौकीत, निळ्या पोशाखातला एक तरुण शिपाई हूं की चूं न करता उभा असतो. मुले त्याच्यापुढे वेडावतात, प्रवासी शेजारी उभे राहून छायाचित्रे काढून घेतात, पण त्याची पापणी हलत नाही. बारा वाजतात. चौकातल्या इमारतीच्या खिडक्या उघडतात, त्यांत वाजंत्री उभे राहून कर्ण्यांचे सूर काढतात. नवी तुकडी पावले टाकीत येते, जुनी तिच्यासमोर ठाकते, अधिकारी एकमेकांना सलामी देतात, निशाणांची देवघेव होते, आणि जुनी तुकडी निघून जाते. घटकाभराचा हा खेळ. लोक टाळ्या वाजवतात आणि महामंदिराकडे वळतात.

आपण मात्र थोडे मागे थांबू आणि त्या दरवाजाचा इतिहास चाळू.

गडाच्या उत्तर तटाला चिकटून एक अरुंद बोळ आहे. त्याला 'सोन्याची गल्ली' म्हणतात. आज प्रवासी तेथे जातात ते खेळण्यातल्यासारखी ठेंगणी, रंगीबेरंगी घरे पाहण्यास. यांपैकी एका घरात १९१६-१७ साली फ्रान्झ काफ्का लिहीत बसत असे, म्हणून वाङ्मयाचे रसिकही जातात. पण ही घरे मुळात बांधली गेली ती पहारेकऱ्यांसाठी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या रूडॉल्फ सम्राटाने गडाच्या चोवीस बंदुकधारी शिपायांना तटाच्या कमानींत घरे बांधून राहण्याची परवानगी दिली. तटाची राखण करावयाची आणि बुरुजांतील कैदी सांभाळावयाचे, हे त्यांचे काम. रूडॉल्फ मोठा विक्षिप्त पण गुणग्राहक राजा. टायको ब्राहे आणि केप्लर हे ज्योतिषशास्त्रज्ञ त्याच्या आश्रयाला होते, आणि चित्रे, यंत्रे, हस्तलिखिते, रत्ने यांचा त्याचा संग्रह साऱ्या युरोपात नावाजलेला होता. जगातली अमोल दौलत आत, आणि ती राखणारी चोवीस माणसे भिंतीच्या पोकळीत संसार थाटून बसलेली, असा तो देखावा होता. पहारेकऱ्याला गडावर जागा असते ती किती, हे त्या घरांच्या दारांतून वाकून आत जाताना ध्यानात येते.

हा पहारा असताना गडावर काय काय घडले? २३ मे १६१८ रोजी बोहेमियाचे प्रॉटेस्टंट सरदार गडावर आले, सम्राटाच्या कारभाऱ्यांशी त्यांची हमरीतुमरी झाली, आणि त्यांनी स्लावाता व मार्तिनित्स या दोघा कारभाऱ्यांना व फाब्रिसियस नावाच्या त्यांच्या चिटणिसाला उचलून खिडकीबाहेर फेकून दिले. तिघेही वाचले. कॅथलिक म्हणाले, मेरीमातेने झेलले. प्रॉटेस्टंट म्हणाले, खाली उकिरडा होता. वाचलेल्यांचे हसे झाले, पण त्या ठिणगीतून पेटलेले युद्ध तीस वर्षे चालले आणि त्याने मध्य युरोपाची राखरांगोळी केली. पुढे या युद्धाच्या अगदी शेवटच्या वर्षी, १६४८ च्या जुलैत, स्वीडिश सैन्याने हा गड घेतला. कसा घेतला? तोफांनी तट फोडून नव्हे. सम्राटाच्याच सैन्यात पूर्वी नोकरीला असलेल्या एका अधिकाऱ्याने तटाची कच्ची जागा शत्रूला दाखविली, आणि रात्रीतून गड गेला. फितुरी या शब्दाचा अर्थ आपणांस कोणी शिकवावयास नको! रूडॉल्फच्या संग्रहातले जे जे हलविता आले ते स्वीडनला गेले. त्यांतला चंदेरी शाईने लिहिलेला गॉथिक भाषेतील बायबलचा प्राचीन ग्रंथ आजही उप्सालाच्या ग्रंथालयात आहे.

या दोन गोष्टींतून एक तात्पर्य निघते. गडावरचे मोठे आघात पहारेकऱ्याच्या समोरून आले नाहीत. एक आला दरवाजातून राजरोस चालत, दुसरा आला घरच्याच माणसाच्या बोटाला धरून. भालदाराच्या हाती जे शस्त्र असते ते या दोन्ही शत्रूंच्या कामाचे नसते.

त्यानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षे गड व्हिएन्नाच्या हॅब्सबुर्ग सम्राटांकडे होता. आज आपण ज्या पहिल्या चौकात उभे राहून सोहळा पाहतो तो मारिया थेरेसा राणीच्या काळातला. पण सम्राट राहत व्हिएन्नाला. प्रागच्या गडावर बहुधा रिकाम्या दालनांचाच पहारा चाले. १८४८ साली गादी सोडलेला फर्डिनांड मरेपर्यंत, म्हणजे १८७५ पर्यंत, येथे येऊन राहिला. ज्याच्या हाती सत्ता नाही असा राजा या रिकाम्या गडाला साजेसाच होता.

२८ ऑक्टोबर १९१८ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे प्रजासत्ताक जाहीर झाले, आणि डिसेंबरात तोमाश मासारिक गडावर राहावयास आले. कोचमनाचा मुलगा, तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, आणि आता राष्ट्राध्यक्ष. सम्राटांच्या गडावर प्रजेच्या प्रतिनिधीने राहावे तरी कसे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी गड पाडला नाही आणि त्याचे केवळ पदार्थसंग्रहालयही केले नाही. योझे प्लेच्निक नावाच्या स्लोव्हेन स्थापत्यकाराला बोलावून त्यांनी त्याचे रूप पालटविले. पहिल्या चौकातील उंच लाकडी ध्वजस्तंभ हे प्लेच्निकचे काम, आणि गडाच्या कितीतरी पायऱ्या, बागा व चौक त्याच्याच हातचे. पहाऱ्यालाही नवे रूप आले. पहिल्या महायुद्धात रशिया, फ्रान्स व इटली येथे ऑस्ट्रियाविरुद्ध लढलेल्या चेक व स्लोव्हाक पलटणींचे गणवेश गडाचे शिपाई समारंभात घालू लागले. ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. व्हिएन्नाच्या दृष्टीने ही माणसे चार-पाच वर्षांपूर्वी फितूर होती, हाती सापडली तर फासावर जाणारी होती. त्यांचाच पोशाख आता दरवाजावर उभा होता. राष्ट्राध्यक्षांच्या निशाणावर ब्रीदवाक्य आले त्याचा अर्थ 'सत्य विजयी होते' असा आहे. १४१५ साली सत्यासाठी जिवंत जळालेल्या यान हुसच्या अनुयायांची परंपरा त्यामागे आहे. आपल्या राजमुद्रेवरील वाक्याशी त्याचा अर्थ इतका जुळावा, ही आपणां भारतीयांस कौतुकाची बाब वाटते.

डिसेंबर १९३५ मध्ये, पंचाऐंशी वर्षांच्या मासारिकांनी वार्धक्यामुळे पद सोडले, आणि चार दिवसांनी रीतसर निवडणूक होऊन एदुआर्द बेनेश त्यांच्या जागी आले. ही तारीख आपण ध्यानात ठेवू. जुना माणूस जागेवर आहे तोवर नवा यावा, दोघांनी एकमेकांस ओळखावे, आणि ताबा बोलून द्यावा-घ्यावा, हा चौकीवरचा नियम गडाच्या आत त्या दिवशी पाळला गेला. तो पुन्हा तसा पाळला जावयास फार वर्षे जावयाची होती.

म्युनिकच्या करारानंतर ऑक्टोबर १९३८ मध्ये बेनेशना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी एमिल हाखा हे वयोवृद्ध न्यायाधीश आले. १९३९ च्या मार्चमध्ये, १४ आणि १५ तारखांच्या मधल्या रात्री, बर्लिनमध्ये धमक्या देऊन त्यांच्याकडून देश जर्मनीच्या स्वाधीन केल्याची सही घेण्यात आली. चेक सैन्याला प्रतिकार न करण्याचे हुकूम सुटले. १५ तारखेच्या संध्याकाळी हिटलर प्रागच्या गडावर येऊन पोहोचला. हाखांची आगगाडी अजून वाटेतच होती. घरधनी घरी परतण्याआधी दरोडेखोर माजघरात जाऊन बसावा, तशी ही स्थिती! दुसऱ्या दिवशी गडाच्या खिडकीतून खाली शहर पाहणाऱ्या हिटलरचे छायाचित्र साऱ्या जगाने पाहिले.

यानंतरच्या सहा वर्षांत गडाच्या पहाऱ्याची जी अवस्था झाली ती आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. हाखा नावाला राष्ट्राध्यक्ष राहिले. जर्मनांनी चेक लोकांना सात-आठ हजारांचे एक लहानसे, हलक्या शस्त्रांचे दल ठेवू दिले होते. त्यातील शिपाई हाखांच्या दालनांचा पहारा करीत. गड मात्र जर्मन 'रक्षका'च्या हाती होता. म्हणजे दाराशी उभा असलेला शिपाई चेक, भाषा चेक, आतला वृद्ध गृहस्थही चेक. आणि तरीही तो पहारा चेक राष्ट्राचा नव्हता. पहारेकरी बदलतो आणि पहारा कायम राहतो, असे आपण समजत असतो. येथे उलट झाले. पहारेकरी तेच राहिले, आणि पहारा बदलला.

महामंदिरातील एका कोठडीत बोहेमियाच्या राजांची रत्नजडित राजचिन्हे ठेवलेली आहेत. कोठडीला सात कुलुपे आहेत. त्यांच्या सात किल्ल्या सात निरनिराळ्या अधिकाऱ्यांजवळ असतात, आणि सातही जण एकत्र आल्याखेरीज दार उघडत नाही. आज त्यांत राष्ट्राध्यक्ष आहेत, पंतप्रधान आहेत, दोन्ही सभागृहांचे अध्यक्ष आहेत, आर्चबिशप आहेत, धर्मपीठाचे प्रमुख आहेत आणि शहराचे महापौर आहेत. कोणा एकावर भरवसा ठेवावयाचा नाही आणि कोणा एकावर सारा भारही टाकावयाचा नाही, अशी ही शहाणपणाची योजना. १९४१ च्या नोव्हेंबरात हाखांनी त्या सातही किल्ल्या राइनहार्ड हायड्रिखच्या हाती दिल्या. त्याने मोठ्या उदारपणाचा आव आणून त्यांतल्या तीन परत केल्या! सात माणसांची संमती एका माणसाच्या मुठीत गेली, यापेक्षा पारतंत्र्याची स्वच्छ व्याख्या सापडावयाची नाही. पुढे २७ मे १९४२ रोजी यान कुबिश व योझेफ गाब्चिक या दोघा तरुण सैनिकांनी हायड्रिखवर भर रस्त्यात बाँब टाकला, आणि ४ जूनला तो मेला. त्याची शवपेटी गडाच्या त्याच पहिल्या चौकात ठेवली होती आणि भोवती काळ्या दलाचा पहारा होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत लिदित्से हे गाव जर्मनांनी पृथ्वीच्या पाठीवरून पुसून टाकले. आज ज्या चौकात बारा वाजता आपण टाळ्या वाजवतो, त्या फरशीने हेही पाहिलेले आहे.

युद्ध संपले, हाखा कैदेत वारले, बेनेश परत आले. पण फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता हाती घेतली आणि जूनमध्ये बेनेशना दुसऱ्यांदा गड सोडावा लागला. पुढची यादी आपण जरा झपाट्याने पाहू. गोट्वाल्ड १९५३ साली पदावर असताना वारले. झापोतोत्स्की १९५७ साली पदावर असताना वारले. नोव्होत्नींना मार्च १९६८ मध्ये जनतेच्या रेट्याने जावे लागले. स्वोबोदा आले, आणि त्याच वर्षी २१ ऑगस्टला सोव्हिएट रणगाडे प्रागमध्ये शिरले. सैन्याला पुन्हा एकदा प्रतिकार न करण्याचा हुकूम मिळाला. १९७५ साली आजारी स्वोबोदांना खास कायदा करून दूर करण्यात आले. हुसाक यांना १० डिसेंबर १९८९ रोजी राजीनामा द्यावा लागला.

आता आपण हिशेब करू. १९१८ ते १९८९ या एकाहत्तर वर्षांत गडावरचा माणूस अनेकदा बदलला. त्यांतले दोघे पदावर असताना वारले, बाकीचे बहुतेक परकी सेना, पक्षातील डावपेच किंवा लोकक्षोभ यांमुळे गेले. जुन्याने धडधाकट मनाने जागा सोडली आणि लोकप्रतिनिधींनी मोकळेपणाने निवडलेल्या नव्याने ती घेतली, असे एकदाच झाले. ते १९३५ साली. दरवाजावर मात्र या साऱ्या काळात शिपाई येत राहिले आणि जात राहिले. जी गोष्ट गडाच्या दाराशी रोज विनासायास होई, ती गडाच्या आत सत्तर वर्षांत एकदाच धड झाली. सोहळ्याकडे आपण शोभा म्हणून पाहतो. इतिहासाच्या या पाटीवर ठेवून पाहिले म्हणजे तो सोहळा एक मूक टोमणा वाटू लागतो.

२९ डिसेंबर १९८९ रोजी वाक्लाव हावेल यांची गडावरील जुन्या दरबारी दालनात राष्ट्राध्यक्ष म्हणून निवड झाली. नाटककार असलेला हा गृहस्थ त्याच वर्षीच्या मे महिन्यापर्यंत तुरुंगात होता. त्याची निवड केली ती कम्युनिस्टांचे बहुमत असलेल्या संसदेने, आणि तीही एकमताने. रक्ताचा थेंब न सांडता एवढा मोठा पालट झाला. पुढे १९९३ साली हावेल यांना आपल्या देशाचा इंदिरा गांधी पुरस्कार आणि नंतर गांधी शांतता पुरस्कारही मिळाला, तो या मार्गाचाच गौरव होता.

हावेल गडावर आले तेव्हा दरवाजावरचे शिपाई मातकट खाकी पोशाखात होते. त्यांनी आपले मित्र थेओदोर पिश्त्येक यांना नवे गणवेश तयार करावयास सांगितले. हे पिश्त्येक वेशभूषाकार. मोत्सार्टच्या जीवनावरील 'अमेदेउस' या १९८४ च्या चित्रपटातील पोशाखांसाठी त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले होते. निळे कापड आणि त्यावर राष्ट्रध्वजाचे रंग, असा तो पोशाख. सोहळ्याचे संगीत रचले मिखाल कोत्साब या लोकप्रिय संगीतकाराने. येथे एखादा चिकित्सक श्रोता म्हणेल, "नाटककार राजा, सिनेमातला शिंपी आणि रंगभूमीवरचा गवई! मग हा सोहळा म्हणजे नाटकच झाले की." आक्षेप खरा आहे. पण कोत्साब यांचे त्या दिवसांतले दुसरे काम सांगितल्यावाचून त्याचे उत्तर पुरे होत नाही. सोव्हिएट सैन्य देशातून परत जाते आहे की नाही, यावर देखरेख ठेवणाऱ्या संसदीय समितीचे ते अध्यक्ष होते. १९६८ साली आलेली ती फौज जून १९९१ मध्ये अखेर निघून गेली. आज बाराच्या ठोक्याला खिडकीतून जे सूर ऐकू येतात, ते परकी पहारा उठविण्यात ज्याचा हात होता त्याच माणसाचे आहेत. नाटक खरेच; पण त्यातल्या नटांनी त्यासाठी किंमत मोजलेली होती. खाकी पोशाखातले जुने नाटक आपण नाटक नाही असे भासवीत होते, एवढाच दोहोंत भेद.

हावेल यांच्या कारकिर्दीतील आणखी एक दिवस येथे नोंदविला पाहिजे. पश्चिम जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष वाइत्सेकर प्रागच्या गडावर पाहुणे म्हणून आले तो दिवस १५ मार्च १९९० हा होता. बरोबर एकावन्न वर्षांपूर्वी याच तारखेला जर्मनीचा प्रमुख याच गडावर आला होता. त्या वेळी यजमान गाडीत अडकलेला होता. या वेळी यजमान दारात उभा होता. दगड तेच, दरवाजा तोच. पाहुणा आणि आक्रमक यांतला फरक भिंती सांगू शकत नाहीत. तो फरक येणाऱ्याने दार ठोठावले की नाही, यात असतो.

तरी अडचणी संपल्या नव्हत्या. चेक आणि स्लोव्हाक यांच्यात भाषेच्या मानापमानावरून कुरबुरी वाढल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या निशाणावरील ब्रीद दोघांपैकी कोणाच्याच भाषेत नको म्हणून लॅटिनमध्ये लिहिण्यात आले. पण ब्रीदवाक्याची भाषा बदलून मने सांधत नाहीत. जुलै १९९२ मध्ये हावेल यांनी पद सोडले, आणि डिसेंबरअखेर चेकोस्लोव्हाकिया हे राष्ट्रच राहिले नाही. मधले पाच महिने त्या देशाला राष्ट्राध्यक्ष नव्हता. जानेवारी १९९३ मध्ये हावेल नव्या चेक प्रजासत्ताकाचे अध्यक्ष निवडले गेले. २ फेब्रुवारी २००३ रोजी त्यांची मुदत संपली तेव्हाही संसदेचे एकमत होईना. दोन निवडणुका निष्फळ गेल्या, तिसरीत वाक्लाव क्लाउस निवडून आले आणि ७ मार्चला त्यांनी शपथ घेतली. महिन्याहून अधिक काळ खुर्ची रिकामी होती.

आपल्या प्रश्नाचे उत्तर या रिकाम्या खुर्चीपाशी आहे, असे आम्हांस वाटते. दालनात कोणी नसतानाही बाहेर पहारा चालूच राहतो तो कोणासाठी? माणसासाठी असता तर तो उठवावा लागला असता. भिंतींसाठी म्हणावे, तर त्यांच्यावर चालून येणारे सैन्य आता कोठे आहे? तो पहारा होता त्या जागेचा, म्हणजे लोकांनी कायद्याने निर्माण केलेल्या पदाचा. खुर्ची रिकामी होती, पण ती कोणी बळकावली नव्हती. रिकामी खुर्ची शांतपणे वाट पाहू शकते, हे स्वतंत्र राष्ट्राचे लक्षण आहे. १९३९ साली खुर्चीवर माणूस होता, बाहेर पहारा होता, आणि राष्ट्र नव्हते. २००३ साली खुर्ची रिकामी होती, आणि राष्ट्र जागच्या जागी होते.

पहाऱ्याची फजिती आजही होते, हेही सांगून टाकू. सप्टेंबर २०१५ मध्ये काही खोडकर कलावंत धुराडी साफ करणाऱ्यांचा वेष घेऊन गडाच्या छपरावर चढले आणि त्यांनी राष्ट्राध्यक्षांचे निशाण उतरवून तेथे एक भली मोठी तांबडी चड्डी फडकविली! त्या वेळचे अध्यक्ष झेमान यांच्यावर ती टीका होती. पुढच्या वर्षापासून दरवाजांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या झडत्या सुरू झाल्या आणि रांगा लागू लागल्या. २०२३ च्या मार्चमध्ये नवे अध्यक्ष पेत्र पावेल आल्यावर ही सरसकट झडती थांबली. निशाणाची विटंबना झाली हे वाईटच. तरी या प्रकरणाकडे आम्ही दुसऱ्या बाजूने पाहतो. याच गडावरील सत्ताधीशाची अशी थट्टा हायड्रिखच्या काळात केली असती तर काय झाले असते, हे लिदित्सेला विचारावे. २०१५ च्या थट्टेचा निकाल न्यायालयात लागला. आणि ज्यांची ती थट्टा होती त्या अध्यक्षांनी मुदत पुरी केली, मतपेटीतून निवडलेल्या पुढच्या माणसाने शपथ घेतली, आणि जुना माणूस घरी गेला. २०१३ साली क्लाउस गेले आणि झेमान आले, २०२३ साली झेमान गेले आणि पावेल आले. दोन्ही वेळा मार्च महिन्यात, ठरल्या दिवशी. जो नियम दरवाजावरच्या शिपायाला पहिल्याच दिवशी शिकवितात, तो गडाच्या आतल्यांना पाठ व्हावयास पाऊणशे वर्षे लागली.

तेव्हा पहारेकऱ्याला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. तो काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, एवढेच इतिहास सांगतो. खिडकीतून माणूस फेकणाऱ्या सरदारांना तो अडवू शकला नाही. तटाची कच्ची जागा दाखविणाऱ्या घरभेद्याला तो ओळखू शकला नाही. बर्लिनमध्ये झालेली सही त्याला पुसता आली नाही, आणि 'प्रतिकार करू नका' असा हुकूम आल्यावर त्याची बंदूक काठीइतकीच उपयोगी राहिली. ही कामे त्याची नव्हतीच. ती नागरिकांची होती, सात किल्ल्या सात हातांत राहतील याची काळजी घेणाऱ्यांची होती. त्याचे काम एवढेच की, नियम रोज डोळ्यांपुढे ठेवावा. आलेल्याने सलाम करावा, जाणाऱ्याने ताबा द्यावा, आणि जागा माझी आहे असे दोघांपैकी कोणीही म्हणू नये.

हा नियम सांगावयास सोपा आहे. गडावरील शिपायाला तो तासातासाला पाळावा लागतो. आपल्या गावच्या संस्था, आपली मंडळे, आपल्या नगरपालिका आणि आपली विधिमंडळे यांतून ज्यांच्याकडे कसलीतरी चौकी सोपविलेली आहे, त्यांनी तो मुदतीमुदतीला पाळला तरी पुष्कळ झाले.